काजव्यांना हवा अंधार, आपल्याला हवं पार्किंग

मे महिना लागला की पुण्याला मुळशी आठवते. चांदणी चौक सुटला, पिरंगुटचा घाट चढून उतरला, पौड मागे पडलं, की गाडीच्या काचा खाली होतात. काय हवा आहे, असं सगळे म्हणतात. गाडीतलं गाणं मात्र कुणी बंद करत नाही.

जंगल ऐकायचंच नसेल, तर जंगलात जायचं कशाला?

उन्हाळ्यात मुळशीत बघण्यासारखं काय असतं, असं विचारणारे हमखास भेटतात. धबधबे आटलेले, डोंगर पिवळे पडलेले, मग जायचं कशाला? अहो, मे हाच तर या रानाचा सगळ्यात गजबजलेला महिना. करवंदं काळी पडलेली असतात, जांभळं धरलेली असतात, ताम्हण जांभळ्या फुलांनी भरलेला असतो. दक्षिणेतून आलेला नवरंग पहाटे दोन सुरांची शीळ घालत जोडीदारीण शोधत असतो. स्वर्गीय नर्तकाचा नर लांब पांढरी शेपटी मिरवत घरट्याची राखण करत असतो. वर नजर टाकलीत तर उंच फांदीवर पानं आणि काटक्या रचून केलेलं शेकरूचं गोल घरटं दिसतं. शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी. हे सगळं बघायला तिकीट लागत नाही. अर्धा तास गप्प बसावं लागतं.

तेवढं मात्र परवडत नाही.

आणि मग येतात काजवे. मेच्या अखेरीस वळवाच्या एकदोन सरी पडतात, हवा दमट होते, आणि ताम्हिणीच्या बाजूची झाडं रात्री उजळायला लागतात. एक झाड लुकलुकतं, मग शेजारचं, मग अख्खी रांग. पाऊस नीट बसेपर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापर्यंत हा मामला. एवढ्या थोड्या दिवसांत सगळ्यांना सगळं बघायचं असतं, आणि तेही शनिवारीच.

काजवा चमकतो कशासाठी? आपल्यासाठी नक्कीच नाही. नर चमकून आपण कुठे आहोत ते सांगतो, मादी पानाआडून नाहीतर गवतातून उत्तर देते. प्रत्येक जातीची चमकण्याची लय वेगळी, त्यामुळे आपलं कोण आणि परकं कोण ते त्यांना अंधारातही कळतं. त्यांची सगळी सोयरीक या उजेडावर जमते. त्यात आपण हेडलाइट घेऊन उभे राहतो.

प्रखर उजेडात मादीला नराची चमक दिसत नाही. उत्तर जात नाही. जोडी जमत नाही, अंडी पडत नाहीत. दोन वर्षांनी आपण त्याच वळणावर गाडी उभी करून गावातल्या पोराला विचारतो, काय रे, काजवे कमी झाले का?

पंख फुटलेल्या काजव्याला आयुष्य मिळतं दोनतीन आठवड्यांचं. त्याआधी कितीतरी महिने तो अळीच्या रूपात ओलसर पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढतो. एवढा काळ मातीत राहून तो ज्या दिवसांची तयारी करतो, नेमके तेच दिवस आपण निवडतो. आणि ज्या पाल्यात पुढच्या पिढीची अंडी पडायची, तो पाला बूट घालून तुडवतो. कारण रस्त्यावरून फोटो नीट येत नाही.

फोटोचंही सांगून टाकू. मोबाइलमध्ये काजवा येत नाही. पहिल्या मिनिटातच हे कळतं. मग फ्लॅश चालू होतो. फ्लॅशमध्ये झाड येतं, झाडाखालचे मेहुणे येतात, काजवा येत नाही.

नेटवर फिरणारे ते लाखो ठिणग्यांचे फोटो असतात ना, ते ट्रायपॉडवर कॅमेरा लावून, बराच वेळ घेतलेल्या अनेक फ्रेम एकावर एक चढवून केलेले असतात. माणसाच्या डोळ्याला तसं दृश्य कधीच दिसत नाही. ते फोटो बघून आलेला माणूस खरं झाड बघून हिरमुसतो. मग कुणीतरी फांदी हलवतं. कुणी बाटलीत पाच-सहा काजवे धरतं, मुलीला दाखवायला. सकाळपर्यंत ते मेलेले असतात.

मुलीनं नेमकं काय पाहिलं?

लहान मुलांनी काजवे पाहावेत, हे मला मनापासून वाटतं. शहरात वाढलेल्या मुलाला खरा अंधार ठाऊक नसतो. जिन्यात दिवा, रस्त्यावर दिवा, फ्रीज उघडला तरी दिवा. अशा मुलाला ताम्हिणीच्या कडेला, गाडीचे दिवे मालवून, दहा मिनिटं नुसतं उभं करा. आधी घाबरतं. मग डोळे सरावतात. मग ते जे बघतं, ते जन्मभर विसरत नाही. त्यासाठी दहा मिनिटं लागतात आणि आईबापांचे फोन खिशात लागतात. दुसऱ्या गोष्टीची टंचाई जास्त आहे.

अमेरिकेत टेनेसीच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले काजवे एका तालात चमकतात, ते बघायला झुंबड उडते. उद्यानवाल्यांनी काय केलं? मोजक्या रात्री ठरवल्या, रात्रीला किती गाड्या ते ठरवलं, आणि प्रवेशासाठी सोडत ठेवली. टॉर्चच्या काचेवर लाल कागद लावायचा, झोत जमिनीकडे ठेवायचा, वाट सोडायची नाही. ज्याचं नाव सोडतीत निघत नाही तो घरी राहतो. त्यावर कुणी हक्कभंग आणत नाही.

अमेरिका लांब वाटत असेल तर वेळासला चला. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला घेतली, गावाला बरोबर घेतलं, आणि २००६पासून कासव महोत्सव सुरू केला. पिल्लं समुद्रात सोडायच्या वेळा ठरलेल्या, सकाळी आणि संध्याकाळी. बघणारे दोरीच्या मागे. राहायचं गावातल्या घरांत, जेवायचं गावातल्या बायकांच्या हातचं. पिल्लं बाहेर आली नाहीत तर आली नाहीत. लोक समुद्र बघून, आमटीभात जेवून परत येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातात. पूर्वी ज्या किनाऱ्यावरून अंडी चोरीला जायची, तिथे आता गावच अंड्यांची राखण करतं.

म्हणजे आपल्या माणसांना शिस्त जमत नाही, हा बहाणा वेळासनं कधीच मोडीत काढला आहे.

मग मुळशीत का जमत नाही? कारण मुळशी फार जवळ आहे. वेळासला जायला बेत करावा लागतो, घर ठरवावं लागतं, कुणालातरी फोन करावा लागतो. मुळशीचं शनिवारी दुपारी चार वाजता सुचतं आणि सातला माणूस घाटात असतो. ज्या जागेला जायला कष्ट पडत नाहीत, तिची किंमतही राहत नाही.

ताम्हिणी हे अभयारण्य आहे, हे तरी किती जणांना माहीत आहे? २०१३ साली ते जाहीर झालं. पुणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांत मिळून जेमतेम ५० चौरस किलोमीटर. त्यातून कोकणात उतरणारा वाहता रस्ता जातो. पाटी आहे, पण पाटीच्या अलीकडे आणि पलीकडे माणसांचं वागणं सारखंच. पाटीसमोर उभं राहून फोटो काढतात, तो वेगळा.

अभयारण्यातून जाणारा रस्ता म्हणून काहीच करता येत नाही, असं म्हणू नका. कर्नाटकात बंदीपूरच्या वाघांच्या जंगलातून राष्ट्रीय महामार्ग जातो. २००९पासून तो रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद आहे. शेजारच्या केरळनं आरडाओरडा केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, बंदी टिकली. ताम्हिणीचा रस्ता बंद करा असं मी म्हणत नाही. काजव्यांच्या तीन आठवड्यांत, अंधार पडल्यावर, अभयारण्याच्या हद्दीत गाडी उभी करायला मनाई करा. जाणाऱ्यानं जावं. थांबून दिवे लावू नयेत.

एवढंही जास्त होतंय का?

काजव्यांवर फोन घेऊन तुटून पडतात ते हौशी. पक्ष्यांवर तुटून पडतात ते जाणकार. त्यांचं दुखणं मोठं आहे, कारण त्यांना सगळं कळतं. नवरंग झुडपात असतो, दिसत नाही. मग मोबाइलला छोटा स्पीकर जोडून त्याचीच शीळ वाजवतात. नवरंगाला वाटतं, दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला. विणीच्या ऐन दिवसांत, अंडी किंवा पिल्लं सोडून तो भांडायला धावतो. समोर शत्रू नसतोच, पाच लेन्सा असतात. फोटो झाला की मंडळी दुसऱ्या झुडपाकडे. तिथे पुन्हा शीळ.

घरट्याचं तर विचारूच नका. आड येणारी एखादी डहाळी हळूच बाजूला करतात, कधी कापतातच. पक्ष्यानं ती डहाळी बघूनच जागा निवडलेली असते. डहाळी गेली की ऊन थेट पिल्लांवर, आणि कावळ्याची नजरही थेट पिल्लांवर. फोटोला हजार लाइक. घरटं दोन दिवसांत रिकामं.

आता कायदा बघा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या दिलेली आहे. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं, हे त्या व्याख्येत सरळ लिहिलेलं आहे. खांद्यावर बंदूक नाही, लांबलचक लेन्स आहे, एवढ्यानं माणूस सुटत नाही. छायाचित्रांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी घरट्यांचे फोटो घ्यायचे बंद केले, तर निम्मी गर्दी एका हंगामात उतरेल. बक्षीसच नाही म्हटल्यावर डहाळी कोण कापणार?

बघ्यांची हौस कुठवर जाते, ते पुण्यानं एकदा पाहिलं आहे. मुळशीचा रस्ता ज्या कोथरूडमधून निघतो, तिथल्या महात्मा सोसायटीत ९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी गवा शिरला. बातमी मोबाइलवरून पसरली. माणसं गच्चीवर, कुंपणावर, गल्लीच्या दोन्ही तोंडांना. आरडाओरडा, पाठलाग, दोर, जाळी, भुलीचं इंजेक्शन. भेदरलेलं ते धूड भिंतींना धडकत राहिलं आणि काही तासांत गतप्राण झालं. त्यानं कुणालाही मारलं नव्हतं.

त्याच महिन्यात बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी पोलिसांनी आणि वनखात्यानं माणसांना लांब ठेवलं. गवा आपल्या पायांनी जंगलात परत गेला.

दोन गव्यांत फरक काय होता? गर्दीचा.

रानातल्या सगळ्या भानगडींचं उत्तर त्या दोन आठवड्यांत मिळालं होतं. जनावराला वाट हवी असते. मुळशीत ती वाट आपण उन्हाळ्यागणिक तारेच्या कुंपणात घालतो आहोत. डोंगराची सोंड खरवडायची, टप्पे काढायचे, धरणाचं पाणी दिसेल असे प्लॉट पाडायचे, आणि जाहिरातीत मोराचं चित्र टाकायचं. भेकर, सांबर, बिबट्या, सगळ्यांचे पाणवठ्याकडे उतरायचे रस्ते त्याच सोंडेवरून जातात. कुंपण झालं की ते डांबरी रस्त्यावर येतात, आणि रात्री तिथे कोण येतं ते वर सांगितलंच आहे.

घाटातल्या माकडांनाही आपण रस्त्यावरच आणून बसवलं. वेफर, केळी, बिस्किटं. खाणं फेकणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. पुढच्या वळणावर पिल्लू पोटाशी धरलेली माकडीण टायरखाली सापडते. मागच्या गाडीतल्यांना ती दिसते, खाणं फेकणाऱ्याला दिसत नाही.

मग शेकोटी. मेच्या रात्री, घामानं अंग भिजलेलं असताना, तंबूसमोर शेकोटी पेटवायची. थंडी कुठे आहे? पॅकेजमध्ये शेकोटी लिहिलेली आहे, म्हणून पेटवायची. गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, वाऱ्यावर एक ठिणगी जाते. उन्हाळ्यात मुळशीचे डोंगर काळे झालेले दिसतात, त्यातले सगळे वणवे पर्यटकांचे नसतात. नवं गवत चांगलं यावं म्हणून, शिकारीसाठी, खोडसाळपणानं, अशीही आग लावली जाते. पण जळतं कोण? टिटवी, रातवा, लावा, रानकोंबडी, सगळी जमिनीवर अंडी घालणारी. आणि पालापाचोळ्यातली काजव्याची अळी. मार्चमध्ये उतार पेटला, तर मेमध्ये त्या उतारावर काजवे शोधत फिरू नका.

पाण्याचं सांगायलाच हवं. मुळशीची कुठलीही गोष्ट शेवटी पाण्यापाशी येते.

पौड सोडून पुढे गेलं की जो निळा पसारा दिसतो, त्याला आपण लेक म्हणतो. त्याच्या तळाशी गावं आहेत. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळा नदी अडवायचं ठरलं, तेव्हा इथल्या मावळ्यांनी नकार दिला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. भर उन्हाळा. बाया, बापे, पोरं धरणाच्या कामावर जाऊन बसली. जान किंवा जमीन, अशी घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट पुढे होते, त्यांना सेनापती ही उपाधी याच लढ्यानं चिकटली. विनायक भुस्कुटे बरोबर होते. तुरुंगवास झाले, हालअपेष्टा झाल्या, तीन वर्षं लढा चालला. मोठ्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी दिलेला जगातला अगदी सुरुवातीचा लढा म्हणून अभ्यासक त्याची नोंद करतात. राजेंद्र व्होरांनी त्यावर पुस्तक लिहिलं आहे. धरण झालंच. भाताची खाचरं पाण्याखाली गेली.

आज त्या काठावर तंबू ठोकणाऱ्यांपैकी किती जणांना यातलं एक वाक्य माहीत असतं? काठावर तशी एखादी ठळक पाटी वाचल्याचं मला आठवत नाही. सेल्फी पॉइंट मात्र लक्षात राहतात.

त्या पाण्याचं पुढे काय होतं, तेही बघा. मुळा मूळची पूर्वेला, पुण्याकडे वाहणारी नदी. धरणानं तिचं पाणी फिरवलं आणि पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला नेलं. १९२७पासून तिथे वीज तयार होते. चक्रं फिरवून झाली की ते पाणी कुंडलिकेत जातं. आणि भर मेमध्ये, कोकणातल्या नद्यांचे खडक उघडे पडलेले असताना, कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं, ते याच पाण्यावर. वीजघरातून पाणी सुटायची वेळ झाली की राफ्ट निघतात. उन्हाळ्यातली ती लाट नदीची नाही, मुळशीच्या बुडालेल्या शिवारावरून आलेली आहे.

तिकडे लोक लाटेवर किंचाळतात. इकडे माथ्यावरच्या वाडीतली बाई हंडा घेऊन झऱ्यापाशी बसलेली असते, वाटी वाटी पाणी भरत. २०२४च्या जुलैमध्ये ताम्हिणीला एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या पावसाळ्यात पडतो, त्याच्या आसपासचा हा आकडा. एवढं पाणी ज्या डोंगरावर कोसळतं, तिथेच दहा महिन्यांनी हंड्याची रांग लागते. पाणी धरून ठेवणारं रान उतरलं की दुसरं काय होणार?

आणि रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात पाणी कुठून येतं? खोली ठरवताना आपण नाश्ता विचारतो, वायफाय विचारतो. हे एकदा विचारून बघा.

धरणाच्या पाण्यात उतरणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. उन्हाळी सुट्टीत तरुण पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि बहुतेक वेळा पोहता न येणारा एक आणि त्याला वाचवायला गेलेला दुसरा. काठ उथळ दिसतो, पुढे खाचराचा जुना बांध संपतो आणि तळ सुटतो. गावातला माणूस हाक मारून सांगतो, तिकडे जाऊ नका. त्याचं ऐकायला काय हरकत असते?

पण पर्यटनानं गावाला पैसा मिळतो ना? हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. मिळायलाच हवा. कुणाला किती मिळतो, ते मात्र बघू. काजव्यांच्या रात्रीचं बुकिंग शहरात होतं, गाडी शहरातून येते, जेवणाचं कंत्राट शहरातल्याचं, माहिती सांगणारा शहरातला. गावातल्या पोराच्या हातात पार्किंगची पावती आणि सकाळी बाटल्या गोळा करायचं पोतं. ज्या आजोबा-पणजोबांची जमीन धरणात गेली, त्यांच्या नातवा-पणतवाला जंगलात आपण हमाल केलं.

याच पोराला विचारा, नवरंग कुठल्या ओढ्याला बोलतो. तो सांगेल. कुठल्या झाडावर काजवे आधी येतात, भेकराची वाट कुठून, शेकरूचं या वर्षीचं घरटं कुठलं, सगळं त्याला पाठ असतं. पुस्तकातलं नाव कदाचित वेगळं असेल. ते शिकवायला एक आठवडा पुरे. उलट आपल्याला ओढा शिकायला त्याच्या वयाएवढी वर्षं लागतील.

रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या बाईशी घासाघीस करू नका. ती पहाटे उठून, काट्यांनी हात ओरबाडून घेत, उन्हाच्या आत ती तोडून आणते. घाटातला सगळ्यात स्वच्छ धंदा तिचा. पान गुरं खातात, बी रुजते, रात्री दिवा लागत नाही.

मग करायचं काय? सगळं बंद? मुळीच नाही. काजवा बघितलेला माणूस उद्या अंधाराच्या बाजूनं उभा राहील, अशी माझी पक्की समजूत आहे. जंगल न बघता जंगलासाठी भांडणारे थोडे असतात. म्हणून लोकांनी मुळशीला जावं, खुशाल जावं. पण संख्या ठरवून, पायी, आणि गावच्या माणसाच्या मागून.

ताम्हिणी, निवे, आदरवाडी, बार्पे ही रस्त्यालगतची गावं. एकेका गावानं एकेक शिवार काजव्यांसाठी राखावं. रात्रीला किती माणसं ते गावानं आणि वनखात्यानं मिळून ठरवावं. गाड्या गावात लावायच्या, पुढे चालत. टॉर्चला लाल कागद. दर माणशी पैसे गावच्या समितीकडे, आणि वाटाड्या गावातलाच. ज्यांनी आधी नाव नोंदवलं नाही, त्यांना गावाच्या वेशीवरून चहा पाजून परत पाठवावं. एका हंगामात बातमी पसरेल की तिथे उगाच जाऊन उपयोग नाही. गर्दीला कायद्यापेक्षा ही बातमी लवकर समजते.

रिसॉर्टवाल्यांनी तीन आठवडे झाडांवर खालून सोडलेले झोत मालवावेत. दहा वाजता स्पीकर बंद करावा, तो तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार एरवीही करायलाच हवा. पाहुणे कुरकुरतील? अंधार बघायलाच त्यांनी पैसे मोजलेले आहेत.

वनखात्याकडे माणसं कमी आहेत, हे उत्तर तयार असतं. खरंही आहे. पण तीन आठवड्यांसाठी, त्यातही शुक्रवार ते रविवार, अभयारण्याच्या दोन टोकांना गावातली सहा-आठ पोरं उभी करायला किती मनुष्यबळ लागतं? शिट्टी, काठी, खात्याचा बिल्ला आणि रोजची हजेरी. निवडणुकीच्या बंदोबस्तासाठी तंबू पडतात, नाकाबंदी होते, गाड्या तपासल्या जातात. काजव्यांना मत नाही, एवढाच फरक.

पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई आदेश काढलेले आहेत. माणसं वाहून गेल्यावर ते निघतात. काजव्यांसाठी तसाच आदेश मेच्या पहिल्या आठवड्यात काढता येईल, कुणी वाहून जायच्या आधी. हद्द कुठून कुठे, तारखा कोणत्या, गाड्या किती, दंड किती.

त्याला किती कागद लागतो? एक पान.